ग्रंथालयांतील नवा कारागीर

नागभीड हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव धानाच्या शेतीसाठीं, जवळच्या घोडाझरी तलावासाठीं आणि विशेषतः रेल्वेच्या जंक्शनासाठीं ओळखलें जातें. गोंदियाहून नागभीडवरून चांदा फोर्टकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुंद करण्यांत आला; नागपूरहून नागभीडास येणारा मार्ग मात्र २०१९ सालच्या नोव्हेंबरपर्यंत अरुंदच राहिला आणि मग रुंदीकरणासाठीं बंद झाला. मधल्या सुमारें वीस वर्षांत या एकाच स्थानकावर दोन मापांचे रूळ शेजारीं शेजारीं नांदत होते. नागपूरच्या छोट्या गाडींतून आलेल्या उतारूस वडशास किंवा चांद्यास जावयाचें असल्यास गांठोडें उचलून आणि मूल कडेवर घेऊन दुसऱ्या गाडींत चढावें लागे. छोट्या गाडींत कांहीं दोष नव्हता, मोठ्या गाडींतही नव्हता. दोहोंचें माप जुळत नव्हतें, एवढीच अडचण होती.

ग्रंथालयांतही अशींच दोन मापें असतात. ग्रंथ एका मापानें ठेवलेले असतात. वाचक दुसऱ्या मापानें मागणी करतो. ग्रंथावर एक नांव छापलेलें असतें. वाचकाच्या तोंडीं दुसरें नांव असतें. या दोहोंची गांठ घालून देणें हें ग्रंथपालाचें पूर्वापार काम. परंतु सूची कागदावरून संगणकांत गेल्यापासून त्याच्या जोडीला आणखी एक कारागीर आला आहे. विद्यापीठांच्या कचेऱ्यांत त्यास निरनिराळीं पदनामें मिळतात. ग्रंथालयाची संगणक-प्रणाली बसविणें, ती दुरुस्त राखणें आणि जेथें ती अपुरी पडेल तेथें नवी आज्ञावली लिहून ती पुरी करणें, हें त्याचें काम. वाचकाच्या दृष्टीस तो क्वचितच पडतो. ग्रंथ मिळाला तर त्याचें नांव कोणी घेत नाहीं. न मिळाला तर ‘मशीन बंद आहे’ एवढें मात्र सर्वांस कळतें.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांसाठीं २०११ सालीं गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. तोंपर्यंत येथील महाविद्यालयें नागपूर विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. जें विद्यापीठ एकविसाव्या शतकांत जन्मास आलें, त्याच्या ग्रंथालयास शंभर वर्षांचीं कपाटें वारशानें मिळत नाहींत. त्यास वारसा दुसरीकडून जोडून आणावा लागतो. म्हणूनच अशा प्रदेशांत या नव्या कारागिराच्या कामाचें मोल अधिक आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या विद्यार्थ्यास एका ग्रंथालयांत पुस्तक न मिळालें तर तो बस पकडून दुसरें गांठतो. नागभीडच्या किंवा भामरागडच्या विद्यार्थ्यापुढें असा दुसरा दरवाजा बहुधा नसतो.

ग्रंथ व वाचक यांची गांठ घालण्यासाठीं साधनें शोधण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून आणलें आणि पुढें त्या संस्थानांत पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. ती पेटी हेंच त्या काळचें यंत्र होतें. मद्रासेस गणित शिकविणारे शियाळी रामामृत रंगनाथन् १९२४ सालीं विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनच्या एका दुकानांत त्यांनीं मुलांचें मेकॅनो नांवाचें खेळणें पाहिलें. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू निरनिराळ्या रीतीनें जोडून वाटेल तें यंत्र उभें करतां येतें, हें पाहून त्यांस आपली द्विबिंदु-वर्गीकरणाची पद्धति सुचली. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांतील एक वाचकाचा वेळ वांचविण्याविषयींचें आहे. महाराष्ट्रांत शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९५० पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांची दोन भागांची सूची सिद्ध केली. ज्या काळीं संगणक नव्हता त्या काळीं एका माणसानें केवढें काम उभें करावें, याचें तें उदाहरण आहे. नवा कारागीर याच परंपरेंतला आहे. त्याच्या हातांतलें हत्यार तेवढें बदललें आहे.

हें हत्यार कसें तयार झालें तेंही पाहण्यासारखें आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयांत हेन्रिएट अॅव्हरॅम या बाईंनीं १९६० नंतरच्या दशकांत ग्रंथाची नोंद यंत्रास वाचतां यावी म्हणून ‘मार्क’ नांवाची मांडणी बसविली. तींत ग्रंथाच्या प्रत्येक अंगास एक क्रमांक आहे: लेखकास १००, ग्रंथनामास २४५, आणि तेंच नांव दुसऱ्या लिपींत लिहावयाचें असल्यास ८८०. पूर्वीं पांच इंच लांब व तीन इंच रुंद अशा कार्डावर जें बारीक अक्षरांत लिहिलें जाई, तेंच आतां या क्रमांकांच्या खणांत बसतें.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडमधील. तेथील होरोव्हेनुआ या लहानशा भागांतील सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणक-प्रणाली २००० साल उजाडतांच निकामी ठरणार, हें दिसत होतें. नवी विकत घेणें त्यास झेपणारें नव्हतें. तेव्हां त्यानें एका लहान कंपनीकडून स्वतःची प्रणाली लिहवून घेतली. २००० सालच्या जानेवारींत ती चालू झाली आणि पुढें सर्व जगास विनामूल्य खुली करण्यांत आली. तिचें नांव ‘कोहा’. माओरी भाषेंत या शब्दाचा अर्थ देणगी असा होतो. मात्र घेणाऱ्यानेंही कांहीं तरी परत द्यावें, अशी अपेक्षा तींत असते. आज भारतांतील पुष्कळ ग्रंथालयें ही प्रणाली वापरतात. कांहीं गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘सोल’ ही प्रणाली वापरतात. खेड्यांतल्या एका वाचनालयाच्या अडचणींतून निघालेली वस्तु जगभरच्या विद्यापीठांस उपयोगी पडावी, ही गोष्ट लहान गांवांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु प्रणाली बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. खरें काम तेथून सुरू होतें, आणि मराठी ग्रंथांच्या बाबतींत तर तें फारच चिवट असतें.

पहिली अडचण अक्षरांची. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें व इतरांनीं भारतीय लिप्यांसाठीं प्रमाण संकेत ठरविले. १९९१ सालीं त्यांस राष्ट्रीय मानकाचें रूप मिळालें आणि त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति निघाली. तरीही पुढें कित्येक वर्षें मराठी मजकूर असे फॉन्ट वापरून टंकित होत राहिला कीं, त्यांत यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरेंच असत, आणि डोळ्यांस तेवढी देवनागरी दिसे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच प्रबंध उघडला तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. असे प्रबंध व सूच्या नव्या मापांत आणणें हें या कारागिराचें पहिलें काम. तें केवळ अक्षरास अक्षर बदलून भागत नाहीं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकाराची वेलांटी डोळ्यांस दिसते तशी व्यंजनाच्या आधीं टंकिली जाई. युनिकोडांत ती व्यंजनाच्या नंतर येते. ‘सूर्य’ या शब्दांतील रफार जुन्या पद्धतींत शेवटीं येई. नव्या पद्धतींत तो आधीं येतो. म्हणजे गाडी बदलतांना उतारूंचा क्रमही बदलावा लागतो. एक नियम चुकला कीं हजारों नोंदींत एकच चूक उमटते.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यांतील ‘र’चें तें अर्धें रूप संगणकांत दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतें. डोळ्यांस दोन्ही अगदीं सारखीं दिसतात. यंत्रास तीं भिन्न वाटतात. सूचिकारानें एका रीतीनें लिहिलें आणि वाचकानें दुसऱ्या रीतीनें मागितलें, तर कपाटांत ग्रंथ असूनही यंत्र सांगतें कीं, तो नाहीं. तीच गत ‘ॲ’ या अक्षराची: २००८ सालीं त्यास स्वतंत्र संकेत मिळाला, त्यापूर्वीं तें ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि आज दोन्ही प्रकार नांदतात. अक्षरक्रमाचेंही तसेंच. मराठी कोशांत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो आणि क्ष, ज्ञ हीं अखेरीस येतात, संकेताच्या आंधळ्या क्रमानें लावलें तर ‘ळ’ थेट ‘ल’च्या पाठीमागें जाऊन बसतो. मराठी वाचकास आपली वर्णमाला मिळावी, तर कोणीतरी बसून तो क्रम यंत्रास शिकवावा लागतो.

तिसरी अडचण लेखनाच्या नियमांची. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम शासनानें स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वींच्या पुस्तकावर ‘गांव’ असें छापलेलें असतें, नंतरच्या पुस्तकावर ‘गाव’. हा बदल लहान खरा. पण यंत्र एका टिंबासाठीं वाचकास परत पाठवितें. चांगला कारागीर येथें जुन्या पुस्तकाचें नांव बदलीत नाहीं, कारण सूचींतील नोंद ग्रंथाशीं प्रामाणिक असली पाहिजे. शोध घेतांना मात्र टिंबाकडे दुर्लक्ष करावें, असें तो यंत्रास शिकवितो. नोंद जशीच्या तशी ठेवावयाची आणि शोध मात्र सैल ठेवावयाचा, यांत या कामाचें पुष्कळसें मर्म आहे.

याच्याही पलीकडे स्थलनामांची अडचण आहे, आणि तेथें या कामाचा संबंध थेट माणसांच्या पोटाशीं येतो. आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचें नांव १९६४ च्या सुमारापर्यंत चांदा होतें. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वींचें त्याचें सारें कागदोपत्रीं आयुष्य चांद्याच्या नांवावर आहे. इंग्रजी अंमलांत ‘ड’ हें अक्षर पुष्कळदां ‘र’साठीं असलेल्या रोमन अक्षरानें लिहीत, रेल्वेच्या इंग्रजी लेखनांत नागभीडाचें ‘नागभीर’ होतें तें त्यामुळेंच. तेव्हां ‘गडचिरोली’ असा शब्द टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्यास मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ सालचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी-अहवाल सांपडत नाहीं, किंवा १९०९ सालचें चांदा गॅझेटिअरही सांपडत नाहीं. त्याच्या जिल्ह्याचा इतिहास दोन हातांवर असतो आणि दिसत नाहीं.

इतिहासाच्या हौसेपुरती ही उणीव असती तर तिचें एवढें दुःख मानण्याचें कारण नव्हतें. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्याखालील २००८ च्या नियमांनीं दाव्याचा पुरावा म्हणून जीं साधनें मान्य केलीं आहेत, त्यांत गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदी-अहवाल, नकाशे व निस्तारपत्रकें यांसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांचा समावेश आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. जंगलावरील निस्ताराचा, बांबूचा, मोहाचा आणि तेंदूपानाचा हक्क सांगणाऱ्या ग्रामसभेपुढें पुराव्याचा प्रश्न येतो, तेव्हां शंभर वर्षांपूर्वींच्या अहवालांतील एक ओळही उपयोगी पडूं शकते. ती ओळ सांपडणें वा न सांपडणें हें सूचींत ‘चांदा’ आणि ‘गडचिरोली’ यांची गांठ कोणी घातली आहे कीं नाहीं, यावर अवलंबून राहतें.

असेंच तलावांचें. पूर्व विदर्भांत मालगुजारांच्या काळचे शेंकडों तलाव आहेत. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि त्यांचा कारभार सरकारकडे गेला. तेव्हांपासून ते कागदावर ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडीं ‘मामा तलाव’ झाले. शेतांतल्या लहान तळ्यास झाडीपट्टींत बोडी म्हणतात. इंग्रजी अहवालांत या सर्वांस एकच कोरडा शब्द असतो. धान पिकविणाऱ्या घरांतील एखादी मुलगी या तलावांवर प्रबंध लिहूं लागली, तर ती प्रथम आपल्या घरचा शब्दच टाकून पाहील. सूचीनें तिला पुढचा दरवाजा उघडून दिला नाहीं, तर ती असें समजेल कीं, आपल्या गांवाविषयीं कोणीं कांहीं लिहिलेलेंच नाहीं. ग्रंथालयाकडून वाचकाचा याहून मोठा अपमान होऊं शकत नाहीं. म्हणून हा कारागीर ग्रंथपालाशेजारीं बसून पर्यायी नांवांची तालिका रचतो: मालगुजारी तलाव, मामा तलाव, बोडी, चांदा, चंद्रपूर, नागभीड, नागभीर. या तालिकेंत यंत्राचें ज्ञान थोडें आणि प्रदेशाचें ज्ञान पुष्कळ लागतें. बाहेरून आणलेली कोणतीही प्रणाली ती आपल्याबरोबर घेऊन येत नाहीं.

या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी व माडिया बोलल्या जातात. गोंडीसाठीं मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं एक लिपि तयार केली. तिला युनिकोडांत २०१७ सालीं स्थान मिळालें. तेलंगणांतील गुंजाळा या गांवीं हस्तलिखितांत आढळलेली दुसरी गोंडी लिपि २०१८ सालीं समाविष्ट झाली. संकेत मिळाला म्हणजे लिपि ग्रंथालयांत आली असें मात्र होत नाहीं. तिचा फॉन्ट लागतो, ती टंकण्याची सोय लागते, सूचींत तिच्यासाठीं खण उघडावा लागतो. आणि तीच गोंडी देवनागरींत लिहिणारेही आहेत, त्यांची नोंद तिच्याशीं जोडावी लागते. ही जोडणी पुरी होत नाहीं तोंवर त्या भाषेचा ग्रंथ कपाटांत असूनही मुकाच राहतो.

येथेंच या कारागिरापुढें कांहीं नाजूक प्रश्न उभे राहतात, ज्यांचें उत्तर यंत्र देत नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रबंधांची संगणकीय प्रत देणें आवश्यक झालें आणि ‘शोधगंगा’ या भांडारांत असे प्रबंध सर्वांस खुले झाले. ज्ञान खुलें असावें, हें तत्त्व उत्तमच. पण एखाद्या वृद्धेनें पूजेच्या वेळचें गाणें संशोधकास विश्वासानें गाऊन दाखविलें असेल, तर त्याचें ध्वनिमुद्रण साऱ्या जगास खुलें करावें काय? एखाद्या वैदूनें वनौषधीचें ठिकाण सांगितलें असेल, तर तें नकाशासह प्रसिद्ध करावें काय? दरवाजा करणारा सुतार त्यास कडी लावतो, तशी येथेंही कडी लावावी लागते. ती कोणी उघडावी हें मात्र गाणाऱ्यांच्या व सांगणाऱ्यांच्या गांवास विचारून ठरवावें लागतें. वाचकाविषयींही अशीच मर्यादा पाळावी लागते. कोणीं कोणतें पुस्तक नेलें याची नोंद यंत्र निमूटपणें ठेवीत राहतें. पुस्तक परत आलें कीं ती नोंद किती दिवस राखावी आणि कोणास दिसावी, हें आधींच ठरविलें नाहीं, तर वाचनालय आणि चौकी यांतील अंतर कमी होतें.

जंगलभागाच्या अडचणी त्याखेरीज आहेतच. पावसाळ्यांत वीज जाते, दूरसंचाराचा तार तुटतो, दूरच्या गांवांत संदेशलहरी पोहोंचत नाहींत. शहरांतील प्रशस्त जोडणी गृहीत धरून केलेली प्रणाली तेथें गुदमरते. तेथें पानें हलकीं ठेवावीं लागतात, सूचीची एक प्रत महाविद्यालयांतल्या संगणकांतच राखावी लागते आणि जोडणी परत आली कीं दोन्ही प्रतींचा मेळ घालावा लागतो. सयाजीरावांच्या काळीं पुस्तकांची पेटी गांवीं जाई. आज सूचीची पेटी जाते. हेतु तोच आहे.

या पेशाची एक दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. हें काम अनेक ठिकाणीं अल्प मुदतीच्या करारावर करून घेतलें जातें. मुदत संपली कीं कारागीर जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यांतील सारें जातें. मागें राहतें तें एक यंत्र, ज्यास हात लावण्यास सर्वजण भितात. म्हणून जाणते कारागीर आज्ञावलीइतकेंच तिच्या खुलाशाला महत्त्व देतात: काय केलें, कां केलें, उद्यां बिघडलें तर कोठें पाहावें, हें ते साध्या मराठींत लिहून ठेवतात आणि रोजच्या मजकुराची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं ठेवतात. त्यांच्या कामाची खरी परीक्षा ते निघून गेल्यानंतर होते. ज्या संस्थेस हें समजतें ती अशा माणसास ग्रंथपालाच्या बरोबरीनें बसविते. जीस समजत नाहीं ती दर तीन वर्षांनीं तीच सूची पुन्हां आरंभापासून करविते.

नागभीडच्या फलाटावर दोन मापांच्या गाड्या उभ्या राहत, तेव्हां खरें कष्ट उतारूस पडत. रूळ बदलण्यास वर्षें लागलीं, पैसा लागला आणि तें काम रेल्वेनेंच करावयाचें होतें, उतारूनें नव्हे. ग्रंथालयांतही तोच न्याय लागू आहे. मराठी बोलणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या आणि घरांत पहिलाच पदवीधर होऊं पाहणाऱ्या वाचकानें आपला शब्द बदलून यंत्राच्या मापांत बसावें, अशी अपेक्षा करणें हें काम चुकविण्यासारखें आहे. यंत्रानें त्याचा शब्द शिकला पाहिजे. तो शिकविणारा माणूस विद्यापीठाच्या एखाद्या आंतल्या खोलींत बसलेला असतो. बाहेर मेजापाशीं एखादी मुलगी ‘बोडी’ असा शब्द टंकिते आणि तिच्यापुढें पंचाहत्तर वर्षांपूर्वींचा अहवाल उघडतो, तेव्हां तिला त्या माणसाची आठवण होण्याचें कांहीं कारण नसतें. तिचें काम झालेलें असतें, आणि त्याचेंही.